ताज्या टोमॅटोचा स्पॅगेटी सॉस : पाणी सुटतं, रंग केशरी येतो, चव आंबट. नेमकं कुठं चुकतंय?

मृद्गंध

नमस्कार मंडळी. टोमॅटोचे भाव उतरलेत, म्हणून पाच किलो आणून स्पॅगेटीसाठी सॉस एकदाच करून ठेवायचा बेत आहे. आधी एक किलोचा नमुना केला. टोमॅटो कच्चेच चिरून मिक्सरमधून काढले, दोन चमचे तेलात कांदा-लसूण परतून त्यावर तो रस ओतला, मीठ, चमचाभर साखर आणि वाळलेला ओरेगानो घालून मध्यम आचेवर २५ मिनिटं शिजवला.

पातेल्यात दाट दिसत होता. स्पॅगेटीवर घातला तर ताटलीत कडेनं पाणी पसरलं आणि गर नुसता वर बसून राहिला. रंग तांबडा न येता केशरी-गुलाबी आलाय. चव आंबट, आणि मध्येच सालींच्या सुया दाताखाली येतात. टोमॅटो बाजारात सगळीकडे असतात तेच, लांबट, जाड सालीचे, देठाकडे जरा पिवळट.

दुसरा प्रश्न साठवणीचा. फ्रीझर लहान आहे. सॉस काचेच्या बाटल्यांत भरून वर लोणच्यासारखा तेलाचा थर दिला तर बाहेर टिकेल का?

पळीवाढी

साठवणीबद्दल इथं जाणकार आहेत, ते सविस्तर लिहितील. तोवर एवढंच: तेलाचा थर देऊन बाहेर ठेवायचा विचार आत्ताच सोडून द्या. तो जिवावर बेतू शकतो.

आता पाण्याचं. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणीच असतं. ते गराला धरून ठेवायचं काम पेक्टिन करतं. टोमॅटो चिरला किंवा वाटला की पेशी फुटतात आणि त्यातली एन्झाइम पेक्टिन तोडायला लागतात. कच्चा रस मिक्सरमधून काढून भांड्यात ठेवला, मग तो मध्यम आचेवर सावकाश तापला, तर त्या वेळात पेक्टिनची पुरती वाट लागते. पुढे कितीही आटवा, गर वेगळा आणि पाणी वेगळं. ही एन्झाइम ८५-९० अंश सेल्सिअसच्या वर निकामी होतात, म्हणून चिरल्यापासून उकळी येईपर्यंतचा वेळ जितका कमी तितका सॉस एकजीव. कारखान्यांत याला हॉट ब्रेक म्हणतात.

घरी ते असं साधतं. जाड बुडाचं रुंद पातेलं मोठ्या आचेवर ठेवा. चार-पाच टोमॅटोंच्या मोठ्या फोडी करून लगेच त्यात टाका आणि पावभाजीच्या मॅशरनं चेचा. रस सुटून खळखळ उकळी आली की बाकीचे टोमॅटो चिरत जा आणि घालत जा, एका वेळी पाच-सहा, उकळी मोडणार नाही अशा बेतानं. पहिला घाणा चेचणं गरजेचं, पुढचे त्या रसात आपोआप मऊ पडतात. सगळे पडल्यावर आणखी ५ ते ७ मिनिटं उकळू द्या. पाच किलोचं सगळं चिरून परातीत ढीग घालून ठेवायचं आणि मग एकदम चुलीवर चढवायचं, ही सवय इथं उपयोगाची नाही.

मग पुरणयंत्र काढा. इटलीत टोमॅटो गाळायला हातानं फिरवायचं जे यंत्र घरोघर असतं ते आणि आपलं पुरणयंत्र एकाच घडणीचं. बारीक भोकांची जाळी लावा, गरम गर ओता आणि फिरवा. साली आणि बहुतेक बिया वर राहतात, गर खाली पडतो. दर सात-आठ फेऱ्यांनंतर दांडा दोन फेऱ्या उलटा फिरवा, म्हणजे जाळीवर दाबून बसलेल्या साली सुटतात. शेवटी उरलेला चोथा एकदा आणखी फिरवून घ्या. सालीलगतचा गर सगळ्यात लाल असतो, तो टाकून देऊ नका. पुरणयंत्र नसेल तर रव्याची स्टीलची चाळणी आणि वाटीचा बुडखा. हात दुखतो, पण गर उत्तम निघतो. सालींच्या सुयांचा प्रश्न इथंच मिटतो. तुमच्या टोमॅटोंची साल जाड असते कारण ही वाणं लांबच्या वाहतुकीत फुटू नयेत म्हणून निवडलेली असतात. ती साल कितीही शिजवली तरी विरघळत नाही, गुंडाळी होऊन बसते.

दाटपणा डोळ्यानं ठरवू नका, तराजूनं ठरवा. गरम सॉस पातेल्यात नेहमी फसवतो. रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवा. एक किलो टोमॅटोचा स्पॅगेटीवर बसणारा सॉस साधारण ३२० ते ३५० ग्रॅम होतो, पाच किलोचा दीड-पावणेदोन किलो. तुमच्या एक किलोतून २५ मिनिटांत मध्यम आचेवर फार तर ३०० ग्रॅम पाणी उडालं असेल. उडायला हवं होतं त्याच्या दुप्पट.

आणि हे पाणी उडायला किती वेळ लागतो हे आधीच धरून चाला. घरगुती गॅसच्या एका मोठ्या बर्नरवर तासाला साधारण दीड-पावणेदोन लिटर पाणी उडतं. पाच किलोतून तीन लिटरच्या आसपास उडवायचंय, म्हणजे एका बर्नरवर पावणेदोन-दोन तास. ते कमी करायचा सरळ मार्ग म्हणजे काम दोन बर्नरवर वाटणं. पुरणयंत्रात घालण्याआधी शिजलेला गर मोठ्या चाळणीत १० मिनिटं नुसता ठेवा, ढवळू नका. खाली पातळ रस गळतो. हा रस दुसऱ्या बर्नरवर रुंद कढईत मोठ्या आचेवर आटवा. यात गर नसल्यानं तो लागत नाही, बेधडक उकळता येतो. पाकासारखा झाला की गरात मिसळा. रस फेकून देणारे पुष्कळ आहेत, पण बियांभोवतीच्या त्या चिकट रसातच ग्लुटामेट जास्त असतं, म्हणजे टोमॅटोची खरी चव त्यात आहे.

गर मात्र सांभाळून आटवायचा. पहिला अर्धा तास मोठी आच चालते, दाट व्हायला लागला की मंद. सपाट कडेच्या लाकडी उलथन्यानं बूड खरवडत राहा. शेवटी फदफदून अंगावर उडतो, तेव्हा जाळीचं झाकण ठेवा किंवा झाकण तिरकं ठेवा. पूर्ण झाकलं तर वाफ परत खाली. बुडाला लागलाच तर खरवडू नका, वरचा सॉस हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात ओता. करपट वास बुडातच राहतो.

कुकरबद्दल कुणीतरी विचारेलच. कुकरमध्ये टोमॅटो झटपट शिजतात, पण पाणी एक थेंब कमी होत नाही. आटवायचा वेळ तेवढाच राहतो.

भांडं स्टीलचं किंवा एनॅमलचं. अॅल्युमिनियम, लोखंडी कढई, कल्हई नसलेलं पितळ-तांबं, यांतलं काहीच नको. दोन तास उकळणारं आम्ल धातू सोडवतं आणि चवीला सरळ कळतं.

तांबडी माती

टोमॅटोबद्दल थोडं, कारण निम्मी लढाई बाजारातच हरली-जिंकली जाते.

देठाकडे पिवळट म्हणजे दोन गोष्टी असू शकतात. टोमॅटो ट्रकनं जाताना मऊ पडू नयेत म्हणून रंग धरायला लागल्या लागल्याच तोडतात. असे टोमॅटो घरी पिकतात, फक्त त्यांना तीन-चार दिवस द्यावे लागतात. कागदावर एकेरी थरात, देठाची बाजू खाली, सावलीत, फ्रिजच्या बाहेर. फ्रिजमध्ये पिकणं थांबतं आणि वासही मरतो. दुसरं कारण उन्हाचं. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनचा. पिकताना तापमान ३०-३२ अंशांच्या वर राहिलं तर लायकोपीन धड तयार होत नाही, पिवळं कॅरोटीन मात्र होत राहतं. म्हणून एप्रिल-मेचा टोमॅटो पिकूनही नारिंगीच राहतो. सॉस एकदम करून ठेवायचा असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीतला माल घ्या. जुन्नर-नारायणगाव, पिंपळगाव बसवंतकडचा हिवाळी टोमॅटो रंगाला आणि गराला वेगळाच असतो.

नेपल्सजवळच्या सार्नो नदीच्या खोऱ्यातला सान मार्झानो टोमॅटो सॉससाठी नावाजलेला आहे. १९९६ पासून त्याला युरोपातलं भौगोलिक संरक्षण आहे. त्याचा गुण काय, तर लांबट आकार, आत दोनच कप्पे, बिया थोड्या, गर जाड आणि साल सहज सुटणारी. आपल्याकडच्या लांबट वाणांत यांतलं गराचं प्रमाण मिळतं, साल आणि चव मिळत नाही. म्हणून पूर्ण पिकलेले चार किलो लांबट आणि एक किलो गावरान, चपटे, कंगोरे असलेले, असं मिसळलं तर चव बरीच भरते. नुसते गावरान घेतले तर पाणी इतकं असतं की पाच किलोचा सव्वा किलो सॉसही मुश्किलीनं निघतो.

आंबटपणाचं पहिलं कारण न पिकलेला टोमॅटो हेच आहे. सोडा-साखर नंतरची गोष्ट.

ओवी

मिक्सरवर सगळा दोष टाकू नका. वेळ नसतो तेव्हा मिक्सर लागतोच. फक्त क्रम बदला: टोमॅटो आधी सोला, चिरून बिया वेगळ्या करा, बियांचा रस गाळून घ्या, गर शिजवा, आणि मग निवल्यावर दोन-तीनदा पल्स. सोलायला: तळाशी फुलीसारखी चीर, उकळत्या पाण्यात ४० सेकंद (जाड सालीला मिनिटभर), लगेच गार पाण्यात. एका वेळी पाच-सहाच टाका, जास्त टाकले तर पाण्याची उकळी मोडते, साल सुटत नाही आणि टोमॅटो बाहेरून शिजतो.

पळीवाढी

@ओवी, शिजवून, निववून, दोन-तीन पल्स, हे मान्य. मृद्गंध यांनी कच्चा टोमॅटो सालीबियांसकट मिनिटभर फिरवला असणार, तिथं तीन गोष्टी होतात. साल बारीक तुकड्यांत राहते, बिया फुटून कडवटपणा येतो, आणि हवा मिसळते. हवेचे बारीक बुडबुडे प्रकाश पसरवतात, म्हणून लाल रस गुलाबी-केशरी दिसतो. तेल घातल्यावर मिक्सर फिरवला तर आणखी वाईट, तेल आणि पाण्याचं पांढुरकं मिश्रण होतं. हा रंग गेलेला नसतो, झाकलेला असतो. मंद आचेवर १५-२० मिनिटं सावकाश ढवळत ठेवला तर हवा निघून बराचसा परत येतो.

शेवंता

आता फोडणी म्हणा, पाया म्हणा. पाच किलो टोमॅटोला माझं प्रमाण असं: ऑलिव्ह तेल १०० मिली, बारीक चिरलेला कांदा २०० ग्रॅम, गाजर १०० ग्रॅम, लसूण १२ पाकळ्या (आपल्या बारीक लसणाच्या, मोठ्या पाकळ्या असतील तर ६), मीठ एकूण १५ ग्रॅम, वाळलेला ओरेगानो २ चहाचे चमचे, ताजं बेसिल एक जुडी. सेलरी मिळाली तर एक दांडा, नाही मिळाली तर अडत नाही.

दोन चमचे तेल कमी पडतं, हे मृद्गंध यांच्या कृतीतलं आणखी एक कारण. टोमॅटोचे आणि ओरेगानोचे बरेच वास तेलात उतरतात. तेलच नसेल तर ते वाफेबरोबर घरभर जातात, सॉसमध्ये राहत नाहीत. तेल आंबटपणाची धारही बोथट करतं.

कांदा आणि गाजर मंद आचेवर १५ मिनिटं. आपण भाजीला परततो तसा लालसर करायचा नाही. नुसता पारदर्शक, गोडसर, बोटानं चेपला की लगदा होईल इतका. गाजर गोडव्यासाठी आहे, मग साखर बहुधा लागतच नाही. लसूण शेवटी घाला, जेमतेम एक मिनिट. लसूण तांबूस झाला की सगळ्या सॉसला कडवट चव येते आणि ती कशानंही जात नाही, तेव्हा करपला तर तेल टाकून नव्यानं सुरुवात करणं हेच स्वस्त पडतं. ओरेगानो तेलातच टाका, चुरडून. लगेच गाळलेला टोमॅटो ओता.

मीठ सुरुवातीला फक्त चिमूटभर, कांद्याला पाणी सुटण्यापुरतं. बाकीचं सॉस तयार झाल्यावर. तीनपट आटणाऱ्या पदार्थात आधी चवीपुरतं घातलेलं मीठ शेवटी तिप्पट लागतं.

बेसिल अगदी शेवटी. आच बंद करायच्या ५ मिनिटं आधी अख्ख्या डहाळ्या बुडवायच्या आणि वाढताना काढून टाकायच्या. आपली देवघरापुढची तुळस याला चालत नाही. तिला लवंगेसारखा उग्र वास असतो, सॉस औषधी काढ्यासारखा लागतो. सब्जाचं झाड मात्र वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं बेसिलच्याच जातीचं. त्याची कोवळी पानं वापरता येतात, वास थोडा तिखट असतो म्हणून निम्मी घ्या. फ्रीझरमध्ये जाणाऱ्या सॉसमध्ये बेसिल घालू नका, काळं पडतं. खायच्या दिवशी घाला.

आंबटपणा उरलाच तर आधी २० ग्रॅम लोणी घालून बघा. तरीही वाटला तर एक लिटर सॉसला खायचा सोडा चहाच्या चमच्याचा आठवा भाग. फेस येईल, तो बसू द्या, ढवळा, चाखा. पाव चमच्याच्या वर गेलात तर साबणासारखी चव येते आणि सॉस सपक होतो. साखरेनं आम्ल कमी होत नाही, फक्त झाकलं जातं, म्हणून चमच्यापलीकडे जाऊ नका, नाहीतर केचप होईल.

एक जोड: रंग आणि खोली हवी असेल तर दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट लसणानंतर तेलात घालून दोन मिनिटं परता, तेल तांबडं होईपर्यंत. कच्ची पेस्ट वरून ढवळली तर डब्यासारखी चव येते.

मृद्गंध

सर्वांचे मनापासून आभार. तराजूची गोष्ट तर कुठल्याच कृतीत वाचली नव्हती. पुरणयंत्र माळ्यावर आहे, ते उतरवते.

घरात चातुर्मास पाळणारे आहेत, त्यांच्यासाठी कांदा-लसणाविना अर्धा सॉस काढता येईल का? आणि साठवणीचं कुणी सांगेल का?

शेवंता

येतो, आणि फार चांगला होतो. गाळलेला टोमॅटो कांदा-लसणाशिवायच आटवा, मग दोन भाग करा. एका भागासाठी पाया वेगळा करून त्यात मिसळा आणि १५ मिनिटं उकळू द्या. दुसऱ्या भागाला दर अर्ध्या लिटरमागे ४० ग्रॅम लोणी आणि तीन-चार बेसिलच्या डहाळ्या, मंद आचेवर १० मिनिटं. कांद्याचा गोडवा नसल्यानं यात किसलेलं गाजर हवंच, लोण्यात आधी मऊ करून घ्या. हिंग घालू नका, टोमॅटोच्या वासावर स्वार होतो आणि लगेच आमटीची आठवण येते.

हडसनकाठ

साठवणीचं मी लिहितो. इकडे न्यू जर्सीत ऑगस्ट-सप्टेंबरात परसातल्या टोमॅटोंच्या बाटल्या भरणं घरोघर चालतं, त्यामुळे अमेरिकेच्या कृषी खात्याचे तपासलेले नियम सगळ्यांच्या हाताशी असतात. ते नियम कडक आहेत आणि त्यामागचं कारण समजून घ्यावं.

कारण एकच: क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू. याचे बीजाणू मातीत असतात, म्हणून कांदा, लसूण, गाजर यांच्याबरोबर येतात. साध्या उकळीनं ते मरत नाहीत. हवा नाही, आम्ल कमी, तापमान खोलीचं, अशी जागा मिळाली की ते वाढतात आणि विष तयार करतात. त्याला वास, रंग, बुडबुडे काही असेलच असं नाही. पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त) ४.६ च्या खाली असेल तर ते वाढू शकत नाहीत. टोमॅटो नेमका या रेषेच्या आसपास असतो, काही वाणं आणि जास्त पिकलेली फळं तिच्या वरही जातात. त्यात कांदा, गाजर, लसूण घातलं की आम्ल आणखी कमी.

तेलाचा थर इथं मदत करत नाही, उलट हवा अडवून त्या जंतूला हवी तशी जागा करून देतो. लोणचं टिकतं ते तेलामुळे एकट्यानं नाही. त्यात मीठ भरपूर असतं आणि कैरी-लिंबाचं आम्ल असतं. केचपही टिकतो तो व्हिनेगर, साखर आणि मिठामुळे. स्पॅगेटीच्या सॉसमध्ये यांतलं काहीच त्या प्रमाणात नाही. सोडा घातलेला सॉस तर बाटलीत भरायचाच नाही, कारण सोड्यानं आम्लच मोडतं.

मग बाहेर टिकवायचं तर काय? नुसता गाळलेला, आटवलेला टोमॅटो. त्यात कांदा नाही, लसूण नाही, तेल नाही. अर्ध्या लिटरच्या बाटलीत तळाशी सायट्रिक अॅसिड चहाच्या चमच्याचा पाव भाग, किंवा बाटलीबंद लिंबूरस १ मोठा चमचा. एक लिटरच्या बाटलीला याच्या दुप्पट. ताज्या लिंबाचा रस चालत नाही, कारण प्रत्येक लिंबाचं आम्ल वेगळं असतं आणि इथं अंदाज परवडत नाही. वर उकळता गर, तोंडाशी बोटाच्या पेरापेक्षा थोडी कमी जागा सोडून. मग बाटल्या एक इंच पाण्याखाली बुडतील अशा पातेल्यात, पाणी खळखळ उकळायला लागल्यापासून अर्ध्या लिटरला ३५ मिनिटं, एक लिटरला ४०. हे समुद्रसपाटीचं. पुणे, नाशिक ५५०-६०० मीटरवर आहेत, तिथं पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून दोन्हीला ५ मिनिटं जास्त. मुंबई-कोकण-गोव्याला वाढ नको.

यासाठी बाटल्या खास लागतात. जाड काचेच्या, झाकणाचे दोन भाग असलेल्या, चपटी चकती प्रत्येक वेळी नवी. जॅमच्या जुन्या बाटलीचं झाकण पुन्हा तसं बसत नाही आणि काच उकळत्या पाण्यात तडकते. थंड झाल्यावर चकती मध्यभागी खाली खेचलेली दिसली आणि बोटानं दाबल्यावर टकटक आवाज आला नाही, तरच ती बंद झाली असं समजा. नाहीतर ती फ्रिजमध्ये ठेवून त्या आठवड्यात संपवा.

कांदा-लसूण घातलेला तयार सॉस बाटलीत भरायची तपासलेली पद्धतही आहे, पण ती फक्त प्रेशर कॅनरमध्ये, म्हणजे बाटल्या दाबाखाली तापवायच्या खास भांड्यात, आणि त्यात भाज्यांचं प्रमाण वाढवायला सक्त मनाई आहे. आपला शिट्टीचा कुकर त्या कामाचा नाही. तो लवकर तापतो, लवकर निवतो, आणि तपासलेल्या वेळा या तापण्या-निवण्याचा हिशेब धरून काढलेल्या आहेत.

माझं प्रामाणिक मत: दीड किलो सॉससाठी हा सगळा खटाटोप करू नका. दाट आटवलेला दीड किलो म्हणजे फ्रीझरमध्ये सहा चपट्या पिशव्या. दोघांना पुरेल इतका २५० मिली एका झिपच्या पिशवीत भरा, हवा काढा, ताटावर आडवा ठेवून गोठवा. गोठल्यावर पुस्तकांसारख्या उभ्या लावा. लहान फ्रीझरच्या एका कोपऱ्यात मावतात आणि कोमट पाण्यात १०-१५ मिनिटांत सुटतात. डब्यात भरलात तर वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा, गोठताना फुगतो. प्लास्टिकचा डबा कायमचा लाल होतो, तो लायकोपीनचा डाग आहे, घासून जात नाही. फ्रीझरमध्ये सहा महिने चव उत्तम राहते, फ्रिजमध्ये चार दिवस.

गरम पातेलं सरळ फ्रिजमध्ये ढकलू नका आणि रात्रभर ओट्यावरही ठेवू नका. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळा, पाणी दोनदा बदला, अर्ध्या-पाऊण तासात निवतो. वीज बराच वेळ गेली तर पिशवीत बर्फाचे खडे शिल्लक असतील तोवर परत गोठवायला हरकत नाही. पूर्ण सुटून नुसता थंड राहिला असेल तर त्याच दिवशी उकळून संपवा, आणि कोमट झाला असेल तर टाकून द्या.

तांबडी माती

पुरणयंत्रातून निघालेल्या साली टाकू नका. ओव्हन १०० अंशांवर ठेवून दोन-अडीच तास वाळवा, कुरकुरीत झाल्या की मिठाबरोबर दळा. सॉसवर, ऑम्लेटवर भुरभुरायला छान लागते.

ओवी

पाणी ताटलीत येतं यामागे आणखी एक चूक असते आणि ती सॉसची नसते. स्पॅगेटी निथळून ताटात घ्यायची आणि वर सॉसचा डाव ओतायचा, ही पद्धतच गडबडीची. ओली स्पॅगेटी आपलं पाणी सोडते आणि दोष सॉसला जातो.

माणशी ८०-१०० ग्रॅम कोरडी स्पॅगेटी, दर १०० ग्रॅमला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. पुड्यावर १० मिनिटं लिहिलं असेल तर आठव्या मिनिटाला चिमट्यानं उचलून थेट सॉसच्या कढईत. कढईत माणशी १२० मिली सॉस आधीच गरम, त्यात स्पॅगेटीचं पाणी अर्धी वाटी. मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटं उलटत-पालटत राहा. त्या पाण्यातल्या पिठामुळे तेल आणि रस एकत्र बांधले जातात आणि सॉस प्रत्येक काडीला चिकटतो. कढई तिरकी केल्यावर तळाशी पातळ रस गोळा होत नसेल तर झालं. चीज आच बंद केल्यावर, उकळत्यात घातलं की गुठळ्या होतात.

पुडा घेताना ड्युरम गव्हाच्या रव्याची आहे ना, ते बघा. विदर्भातला बन्सी गहू याच प्रकारचा. मैद्याची स्पॅगेटी आठव्या मिनिटालाच मोडते, मग कढईत परतणं शक्यच होत नाही.

मृद्गंध

फ्रीझरच ठरलं. बाटल्यांचा नाद सोडला. टोमॅटो आणून कागदावर मांडलेत, तीन दिवसांनी करणार.

शेवटचं: आधी केलेला एक किलोचा सॉस कालपासून फ्रिजमध्ये आहे. पाणी वर, गर खाली, असा दोन थरांत दिसतो. तो वाचवता येईल का, की टाकू?

पळीवाढी

टाकू नका. थंडच असताना बारीक चाळणीतून गाळा, दाबू नका, १५ मिनिटं आपोआप गळू द्या. खालचं पाणी रुंद कढईत मोठ्या आचेवर चार-पाच चमचे उरेपर्यंत आटवा. दुसऱ्या पॅनमध्ये दीड मोठा चमचा ऑलिव्ह तेल, त्यात एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट परता, मग चाळणीतला गर. त्या गरात सालींचे तुकडे आहेत, म्हणून तो चाळणीतूनच पळीनं घासून पॅनमध्ये उतरवा, चोथा वर राहील. मंद आचेवर २० मिनिटं, हवा निघून रंग गडद होईपर्यंत. मग आटवलेला रस मिसळा आणि चाखा. मीठ आधीच पूर्ण घातलंय, त्यामुळे तो खारट लागण्याची शक्यता आहे. तसं असेल तर स्पॅगेटी उकळताना पाण्यात मीठ निम्मं करा. एक चमचा सॉस पांढऱ्या बशीत ठेवून मिनिटभर थांबा. कडेनं पाण्याची रेघ आली तर आणखी पाच मिनिटं, नाही आली तर आच बंद करा.